वाहून नेलेली मुलं

पडद्यावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बाबागाडीत बसून भजी खात होता. गाडी आपली आपण चालत होती, वळणावर आपली आपण वळत होती, उतार आला की स्वतःच वेग आवरत होती. मुलाच्या डोक्यावर छत्र होतं, पायाखाली गादी होती, हाताशी सरबताचा पेला होता. त्याचे आईवडील मागून रिकाम्या हातांनी चालले होते.

"याला मिसरूड फुटायला अजून दोन-तीन वर्षं," डॉ. विभावरी टिपणीस म्हणाली. "लग्नाच्या वरातीतही बहुधा असाच जाईल."

शेजारी बसलेले इक्बाल मुजावर पडद्याकडेच बघत होते. ती गाडी त्यांनीच बनवली होती.

नवलपठार हे सातारा जिल्ह्यातल्या उंच माळावर वसवलेलं सहाशे एकरांचं सहल-उद्यान. सगळे पाळणे, बोगदे, कृत्रिम धबधबे आणि तारांगण बघायचं तर एका कुटुंबाला दिवसाला तेरा-चौदा किलोमीटर चालावं लागे. दोन वर्षांपूर्वी उद्यानाने सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी स्वयंचलित गाडी आणली आणि तिला किशोररथ असं भारदस्त नाव दिलं. लोक तिला बाबागाडीच म्हणत, पण घेत मात्र सगळे. आता दहातली सात मुलं रथातून फिरत होती. मग वर्तमानपत्रांत पत्रं येऊ लागली. धडधाकट मुलांना गाडी कशाला हवी, असं एक बाजू विचारी. तुमच्या मुलांना उन्हात चौदा किलोमीटर चालवून बघा, असं दुसरी सुनावी. उद्यानाचे संचालक यशोधन कोरगावकर यांनी शेवटी विज्ञानाला विचारायचं ठरवलं. पुण्याच्या एका मेंदूसंशोधन केंद्रात मुलांच्या स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या विभावरीला त्यांनी बोलावलं. 'हो, गरज आहे' असं उत्तर यावं अशी त्यांची मनातून इच्छा होती. तसं ते येणार नाही, हे विभावरीला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

कोरगावकर उद्यानातल्या प्रयोगशाळेत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "डॉक्टर, सोप्या भाषेत सांगा. मला दुपारी संचालक मंडळापुढे बोलायचंय."

"सोपंच आहे," विभावरी म्हणाली. "आपल्या मेंदूत स्थानपेशी असतात. मी कुठे आहे, हे त्या सांगतात. पाऊल जमिनीवर पडलं की पायाकडून मेंदूकडे एक ठोका जातो. आम्ही त्याला पादस्पंद म्हणतो. त्या ठोक्यावर स्थानपेशी जाग्या होतात आणि जागेचा नकाशा काढत जातात. दिवसभरात जे घडतं ते त्या नकाशावर टाचलं जातं. या वळणावर पाय घसरला, त्या झाडाखाली आजीने लाडू दिला, असं."

"आणि मूल गाडीत असेल तर?"

"ठोका नाही, म्हणून नकाशा नाही. मग प्रसंग टाचणार कशावर? त्या क्षणी मूल हसतं, ओरडतं, टाळ्या वाजवतं. सगळं खरंच असतं. पण रात्री झोपलं की पुसलं जातं."

"आपण मोठी माणसं मोटारीतून फिरतो. आपल्याला आठवतं की."

"आपला नकाशा काढण्याचा सराव झालेला असतो. डोळ्यांनी बघूनही आपण काम भागवतो. साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुलाला ते जमत नाही. त्याला पायच लागतात."

तिने आकडे पुढे ठेवले. पालकांच्या संमतीने नऊशे कुटुंबांतल्या प्रत्येकाच्या कपाळावर दिवसभर स्मृतिपट्टी बांधली होती, मेंदूतले ठोके आणि भाव टिपणारी. सहा आठवड्यांनी प्रत्येक घरी फोन करून मुलांना विचारलं होतं, काय काय आठवतं? चाललेल्या मुलांना सरासरी एकेचाळीस प्रसंग आठवत होते. रथातल्या मुलांना सहा. त्या सहांतले चार मुक्कामाच्या खोलीतले होते, कारण तिथे ती स्वतःच्या पायांवर होती.

"ही आठ वर्षांची मुलगी बघा," विभावरी म्हणाली. "दोन दिवस इथे होती. तारांगण बघितलं, बोगद्यातून गेली, धबधब्याखाली भिजली. सहा आठवड्यांनी ती म्हणते, गाडीला पंखा होता."

कोरगावकर खुर्चीत बसले. "म्हणजे लोक सुट्ट्या काढून, एवढ्या लांबून येऊन मुलांना..."

"पंखा दाखवतात," विभावरीने वाक्य पुरं केलं. "आणि घरी जाऊन सांगतात, मुलांना आठवणी दिल्या म्हणून. आठवणी असतात त्या पालकांच्या स्वतःच्या. मुलगा म्हणजे सामान. सामानाला काही आठवत नाही."

मुजावर पहिल्यांदा बोलले. "मॅडम, आकडे बरोबर आहेत. पण गाडीत बसणारं प्रत्येक मूल आळशी नसतं. कुणाचे पाय दुखतात, कुणाला दमा असतो."

"मग डॉक्टरचं प्रमाणपत्र आणावं. खरा आजारी असेल त्याला गाडी द्या. बाकीच्यांना खाली उतरवा."

"प्रत्येक दुखण्याला कागद असतो का?"

"मुजावर, तुम्ही गाडी उत्तम बनवलीत. म्हणूनच तुम्हाला ती काढून घ्यायला जड जातंय."

मुजावर पुन्हा पडद्याकडे बघू लागले. मंडळाने त्याच आठवड्यात नियम केला. सहा वर्षांवरील मुलांना प्रमाणपत्राशिवाय किशोररथ मिळणार नाही.

अहवाल प्रसिद्ध झाला आणि एकच गडबड उडाली. विभावरीला ती मनापासून आवडली. जे पालक काल मुलांना रथातून उतरू देत नव्हते, तेच आता त्यांना दमेपर्यंत चालवू लागले. एका बाईंनी सात वर्षांच्या मुलाला तारांगणाभोवती सहा फेऱ्या मारायला लावल्या. आठवण पक्की व्हावी म्हणून. एका गृहस्थांनी तक्रार पाठवली की, त्यांच्या मुलाला पाळण्यांतलं फारसं काही आठवत नाही, पण रांगेत बसलेली थप्पड जागेसकट आणि वेळेसकट आठवते, तर उद्यानाने यावर काही उपाय करावा. ते पत्र विभावरीने मोठ्याने वाचून दाखवलं.

"उपाय सोपा आहे," ती म्हणाली. "थप्पड मारायची तेव्हा मुलाला गाडीत बसवा."

प्रयोगशाळेतली माणसं हसली. मुजावर हसले नाहीत.

नियम लागू झाल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी विभावरी सकाळी प्रवेशद्वाराशी उभी होती. नवा नियम लोक कसा पाळतात, हे तिला जवळून बघायचं होतं. तिच्या अपेक्षेप्रमाणे तिथे विनवण्या, धमक्या आणि लटकं लंगडणं असं सगळं चाललं होतं. एका मुलाने दाराशी पाय ओढला, गाडी मिळत नाही म्हटल्यावर तो सरबताच्या दुकानाकडे पळत सुटला.

"बघितलंत?" विभावरी द्वाररक्षकाला म्हणाली.

त्याच्या मागे एक माणूस आठ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभा होता. मुलगी कडेवर मावत नव्हती, तिचे पाय त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. सोबत आणखी कुणी नव्हतं.

"कागद घरी राहिला हो," तो द्वाररक्षकाला सांगत होता. "जालन्याहून आलोय. तिच्या खुब्याला दुखणं आहे, पायावर वजन द्यायचं नाही म्हणलेत डॉक्टर. दवाखान्याची फाईल टेबलावरच राहिली बघा निघायच्या घाईत."

"डॉक्टरांना फोन लावा, ते पाठवतील."

"आज रविवार. लागत नाही त्यांचा."

द्वाररक्षकाने विभावरीकडे बघितलं. नियम तिचाच होता. तिने मुलीच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय सारखेच दिसत होते. ना पट्टी, ना प्लास्टर.

"आधीचा मुलगाही लंगडतच होता," ती म्हणाली. "कागद नसेल तर गाडी नाही."

तो माणूस चिडला नाही. त्याने मुलीला कठड्यावर बसवलं, तिच्याकडे पाठ करून खाली वाकला आणि तिला खांद्यांवर घेतलं. "धर घट्ट," तो म्हणाला. "डोळ्यावर हात ठेवू नको, नाहीतर दोघंही पडू."

पाहणी अजून चालूच होती; त्यांनी तिचा अर्ज भरला होता, त्यामुळे दोघांच्याही कपाळावर स्मृतिपट्ट्या होत्या. बापाचं नाव भगवान शेजूळ, बियाणांच्या कारखान्यात कामगार. मुलीचं नाव समृद्धी.

विभावरी दिवसभर प्रयोगशाळेतून त्या दोघांचे आलेख बघत राहिली. आधी उपहासाने. अर्ध्या तासात हा माणूस मुलीला खाली उतरवेल आणि ती टणाटणा चालायला लागेल, अशी तिची खात्री होती. अर्धा तास गेला, तीन तास गेले. शेजूळने मुलीला उतरवलं ते फक्त बाकावर, पाळण्यात आणि जेवायच्या टेबलाशी. पुन्हा वाकला, पुन्हा उचललं. मुलीचा पादस्पंदाचा आलेख सपाट होता. बापाचा मात्र तिने आजवर पाहिला नव्हता असा होता.

"मुजावर, हे यंत्र बिघडलंय का बघा. याचा पादस्पंद दीडपट दिसतोय."

मुजावरांनी जोडण्या तपासल्या. "यंत्र ठीक आहे. त्याच्या खांद्यावर पंचवीस किलो वजन आहे. पाऊल जोरात पडतंय, ठोका जोरात जातोय. त्याचा नकाशा फार ठळक निघणार, मॅडम." मग ते म्हणाले, "त्या पोरीला खरंच दुखणं आहे."

"असेल. मग घरी बसायचं. खुब्याचा आजार असलेल्या मुलीला सहाशे एकरांत आणायचं कशाला? तिला यातलं काही लक्षातही राहणार नाही."

"तुम्हाला या लोकांचा एवढा राग का येतो?"

असं तिला कुणी विचारत नसे.

"मला तोच आजार होता," ती म्हणाली. "सहाव्या वर्षी झाला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरत नाही, हाड मऊ पडतं. अडीच वर्षं पाय टेकायचा नाही. अलिबागच्या घरात एका खोलीत मी ती अडीच वर्षं काढली. कुबड्या घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत. त्या खोलीतली प्रत्येक फरशी मला आठवते. तिसऱ्या रांगेतली एक फुटकी होती. मला कुणी कुठे नेलं नाही. रथ नाही, खांदे नाहीत, काही नाही. वडील बांधकाम खात्यात आरेखक होते, दिवसभर कामावर असत, घरी आले तरी फार बोलत नसत. म्हणून मी रडत बसले नाही. वाचायला लागले. आज इथे आहे. तेव्हा दया वगैरे मला सांगू नका."

मुजावरांनी मान हलवली. "माफ करा. माहीत नव्हतं."

"माहीत असण्यासारखं त्यात काही नाही," विभावरी म्हणाली.

संध्याकाळी शेजूळ मुलीला घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याचे खांदे एका बाजूला कलले होते. मुलगी त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून झोपली होती. यंत्राप्रमाणे तो साडेअकरा किलोमीटर चालला होता.

सहा आठवड्यांनी चौकशीचे फोन करायचे ते विभावरीचे सहायक करत. जालन्याचा फोन तिने स्वतः लावला. त्या दीडपट आलेखाचं पुढे काय झालं, एवढंच तिला हवं होतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

आधी मुलगी बोलली. विभावरीने ठरलेले प्रश्न विचारले. नवलपठारावर काय काय पाहिलंस?

"मोठ्ठं होतं," समृद्धी म्हणाली.

"आणखी?"

"पाळणे होते ना?"

"तू कुठल्या पाळण्यात बसलीस?"

फोनवर कुजबुज, "बाबा, मी कशात बसले होते?"

"तिथे कशी फिरलीस ते आठवतं? चालत, गाडीत की आणखी कशी?"

"माहीत नाही," मुलगी म्हणाली. तिला कंटाळा आला होता. "गाडीत असेल."

मग शेजूळने फोन घेतला आणि तो बोलायचा थांबेना. आधी कुठला पाळणा, मग कुठला. धबधब्यापाशी तिने त्याचे कान धरून घोड्यासारखं वळवलं ते. तारांगणाच्या पायऱ्या चढताना तिने पायऱ्या मोजल्या, चौऱ्याऐंशी, आणि मधे चुकली म्हणून त्याला परत खाली यायला लावलं ते. कुठल्या बाकाशी तो दम घ्यायला थांबला, कुठे तिने त्याला "तुम्ही दमलात का" असं विचारलं, कुठे तो "नाही" म्हणाला. विभावरी नोंदी घेत होती. एकशे बारा प्रसंग झाले. इतके आजवर कुणाचेच निघाले नव्हते.

"मॅडम, एक विचारू का?" तो शेवटी म्हणाला. "तिला काहीच कसं आठवत नाही? मला वाटलं, तिला नाही आवडलं की काय. तिला खुश करायलाच आणलं होतं हो. दोन वर्षं लेकरू घरात आहे."

"आवडलं होतं," विभावरी म्हणाली. "त्या दिवशीच्या नोंदी आहेत माझ्याकडे. दिवसभर आनंदात होती. फक्त ते साठलं नाही. तुम्ही तिला उचललं होतं, म्हणून."

"उचललं म्हणून?"

"हो."

"म्हणजे मोठी झाल्यावर ती म्हणणार, बाबानं मला कुठंच नेलं नाही."

विभावरी 'हो' म्हणायला गेली. विज्ञानाप्रमाणे उत्तर 'हो' असंच होतं. ती मुलगी तसं म्हणेल, शपथेवर म्हणेल, आणि तिला खोटं बोलल्यासारखं वाटणारही नाही. घरातली खोली आठवेल, कारण त्या खोलीत ती कुबड्यांवर स्वतः फिरते. खोलीबाहेरचं काही आठवणार नाही, कारण तिथे ती कुणाच्या तरी खांद्यावर असते.

तिच्या हातातला पेन कागदावर तसाच टेकून राहिला आणि खाली शाईचा डाग पसरला.

"हॅलो? मॅडम?" शेजूळ म्हणत होता.

"तिला सांगत राहा," ती कशीबशी म्हणाली. "रोज सांगा." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अलिबागला पोहोचली. दिवाळी सोडून ती कधी येत नसे, तेव्हाही दोन दिवसांवर राहत नसे. त्यामुळे दार उघडणारा तिचा भाऊ जयंत दचकलाच. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, इथल्याच शाळेत भूगोल शिकवत होता.

"विभा? काय झालं? बरी आहेस ना?"

"बाबा कुठे आहेत?"

दिगंबर टिपणीस मागच्या ओटीवर खुर्चीत बसले होते. वय एकोणऐंशी. गुडघे गेलेले, पण नजर शाबूत. त्यांनी मुलीला पाहून वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

विभावरीने बॅगही खाली ठेवली नव्हती. "बाबा, मी आजारी होते तेव्हा तुम्ही मला कुठे नेलं होतं का?"

वडिलांनी जयंतकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नेलं होतं ना," ते म्हणाले. "दर रविवारी."

"कसं?"

"खांद्यावर. दुसरं कसं? तेव्हा आपल्याकडे सायकल होती, पण सायकलवर तुझा पाय लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, पाय फाकून खांद्यावर बसली तर उलट बरंच आहे सांध्याला." ते असं सांगत होते जणू कालचीच गोष्ट. "बंदरावर नेलं. नागावच्या जत्रेत नेलं. सर्कस आली होती, तिला दोनदा नेलं, कारण पहिल्यांदा तुला सिंहाची भीती वाटली आणि घरी आल्यावर सिंह नीट बघितला नाही म्हणून रडलीस. समुद्रातल्या किल्ल्यात तर किती वेळा. ओहोटी लागली की निघायचं. वाळूतून पाय ओढत जायला जड पडायचं, तू वरून म्हणायचीस, बाबा पळा, पाणी येतंय."

विभावरीने डोळे मिटून शोधलं. किल्ला. वाळू. सिंह. काही नव्हतं. खोली होती, खिडकी होती, फरशा होत्या.

"मला यातलं काहीच आठवत नाही," ती म्हणाली.

"हं," वडील म्हणाले. "तू नोकरीला लागलीस तेव्हा मी एकदा विषय काढला होता. तेव्हाही तू हेच म्हणालीस. तोडून. मला वाटलं, तुला ते आठवायला नको असेल. खांद्यावरून मिरवलेलं, लोक बघायचे ते. मोठ्या मुलीला लाज वाटत असेल. मग मी पुन्हा काढला नाही."

जयंत दाराशी उभा होता. तो आता बोलला, आणि त्याच्या आवाजात कित्येक वर्षांचा राग होता. "मला आठवतं. सगळं आठवतं. मी मागून चालत यायचो. आठ वर्षांचा होतो. नागावहून येताना माझ्या पायाला फोड आले होते आणि मी म्हटलं, मला पण उचला. बाबा म्हणाले, एकालाच उचलता येतं रे. तू वर बसून मला वेडावत होतीस. आणि पुढे जन्मभर येईल त्याला सांगत सुटलीस की मला कुणी कुठे नेलं नाही. गेल्या वर्षी तुझी मुलाखत छापून आली त्यातही तेच. बाबांनी तो अंक वाचला, विभा. मग घडी करून कपाटात ठेवला. मी तुला फोन करणार होतो, यांनीच करू दिला नाही."

"दादा, मी खोटं बोलत नव्हते."

"मग काय करत होतीस?"

तिने त्यांना सगळं सांगितलं. पादस्पंद, स्थानपेशी, सपाट आलेख, जालन्याची मुलगी. हे तिने मंडळांपुढे, परिषदांमध्ये शंभरदा सांगितलं होतं. आज शब्द अडखळत होते. जयंत हळूहळू खाली पायरीवर बसला. भूगोलाच्या मास्तराला नकाशाची गोष्ट समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी चाललो म्हणून मला आठवतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि बाबांना सगळ्यात जास्त."

"हो. वजन होतं म्हणून."

वडील हे सगळं शांतपणे ऐकत होते. "म्हणजे तुला लाज वाटत नव्हती," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

रात्री तिने कोरगावकरांना पत्र लिहिलं. मोठ्या मुलांना सहलीत गाडी लागते का, या प्रश्नाचं उत्तर मी मुलांना किती आठवतं यावरून दिलं आणि तिथेच चुकले, असं तिने लिहिलं. आठवण कमी राहिली म्हणजे दिलं गेलं ते कमी होतं, असं माझ्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. प्रमाणपत्राची अट काढून टाका. पालकांना पादस्पंदाचं विज्ञान सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. ज्याला शक्य आहे त्याने मुलाला चालवावं, ज्याला शक्य नाही त्याने वाहून न्यावं आणि घरी गेल्यावर सांगत राहावं. तुमच्या दाराशी एका मुलीला मी गाडी नाकारली, तो अपराध माझा आहे, द्वाररक्षकाचा नाही.

दुसरं पत्र मुजावरांना होतं. त्यात माफीची एकच ओळ होती, पण ती लिहायला पहिल्या पत्राहून जास्त वेळ लागला.

सकाळी दहाला ओहोटी होती. आता घोडे जाऊन विजेवर चालणारे, रुंद चाकांचे टांगे किल्ल्यापर्यंत जात. वडिलांना त्यात बसवलं. विभावरी आणि जयंत चपला हातात घेऊन शेजारून चालू लागले. ओल्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतत होता. खुब्यातून एक जुनी कळ येत होती. तिने कधी लक्षच दिलं नव्हतं तिच्याकडे.

"इथे तू बाबांच्या डोक्यावर ओकली होतीस," जयंतने एका ठिकाणी थांबून सांगितलं.

"इथे नाही रे," वडील टांग्यातून म्हणाले. "त्या खडकाच्या पलीकडे. आणि तो मुरमुऱ्यांचा लाडू तूच दिला होतास तिला."

"म्हणजे ओकण्यात तुझाही हात होता," विभावरी म्हणाली. जयंत हसला. तिने त्याला असं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

किल्ल्यात ते तासभर होते. जयंतला प्रत्येक बुरूज माहीत होता. ती मात्र दोनदा वाट चुकली. गोड्या पाण्याच्या विहिरीशी वडिलांनी त्यांना अर्धा तास एक गोष्ट सांगितली. तिच्यात ती सात वर्षांची होती आणि कुणाचंच ऐकत नव्हती. विभावरीने ती सगळी ऐकली. ऐकून ती स्वतःची होत नाही, हे तिला माहीत होतं. तरी मधे मधे ती विचारत होती, "मग मी काय म्हणाले?"

परत निघाले तेव्हा भरती लागली होती. पाणी वाळूवरून पातळ पसरत पावलांपर्यंत आलं. टांगेवाल्याने वेग वाढवला. वडील मागे वळले आणि बसल्या जागेवरून सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"विभा, पाणी चढतंय. पाय दुखत असेल तुझा. वर ये."

तिने परकर आवरावा तशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टांग्याच्या कडेला हात ठेवून चालत राहिली.

"नको, बाबा," ती म्हणाली. "हे मला लक्षात ठेवायचंय."